सूपभर ज्वारी

सासरी आलेल्या नव्या सुनेला कुठलं ना कुठलं खातं मिळतंच. माझ्या थोरल्या बहिणीला देवघर मिळालं, मधलीला दोन म्हशी मिळाल्या, आणि मला, देवगाव रंगारीहून पुंडलिकनगरात येऊन हातावरची मेंदीही फिकी झाली नव्हती तोवर, कचरा मिळाला. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला मागच्या अंगणात नेलं, हिरवा आणि निळा असे दोन डबे दाखवले आणि तिजोरीच्या किल्ल्या सोपवाव्यात तशा गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "हिरव्यात ओला, निळ्यात सुका. एकात एक झालं की घंटागाडीवरली पारूबाई गाडीत घेत नाय, आन गल्लीभर बोलती ते वेगळंच."

मी बोलते कमी आणि बघते जास्त, त्यामुळे हे खातं मला मानवलं. माणसं जे ताटात वाढून घेतात त्यापेक्षा जे डब्यात टाकतात ते जास्त खरं असतं, असं माझं लवकरच मत झालं. आत्याबाई एकादशीला निर्जळी उपास करतात हे साऱ्या गल्लीला माहीत होतं, पण द्वादशीच्या पहाटे निळ्या डब्याच्या तळाशी घडीवर घडी घालून करंगळीएवढं केलेलं शेवेचं पाकीट असतं हे फक्त मला. विश्वजीत, माझा नवरा, वाळूजच्या कंपनीतून डबा चाटूनपुसून आणतो म्हणून आत्याबाई खूश असत. कारल्याची भाजी तो घरात यायच्या आधी मागच्या अंगणात जाऊन हिरव्या डब्यात कशी सफाईनं उपडी करतो, ते मी खिडकीतून पाहिलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. आणि मामा, म्हणजे माझे सासरे, सीताफळ खाल्लं की बिया ताटलीच्या काठानं एका ओळीत लावून ठेवत, एसटीत माणसं रांगेत बसवावीत तशा. ते एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते आणि अजूनही सारी गल्ली त्यांना कंडक्टरच म्हणायची.

त्यांचं खरं नाव कचरू. इथेच माझी पहिली पंचाईत झाली, कारण सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं, आणि माझं तर खातंच त्यांच्या नावाचं. सुरुवातीचे दिवस मी "डब्यातलं", "गाडीत द्यायचं ते" असं काहीबाही म्हणून वेळ मारून नेली. एकदा ओट्यावर पेपर वाचता वाचता मामांनी काळ्या दोऱ्यानं काडी बांधलेला चष्मा नाकावर खाली घेतला आणि म्हणाले, "बाई, कचऱ्याला कचरा म्हण. मला काय वाटत नाय. मी व्हतोच कचरा."

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. त्यांच्या आधीची भावंडं एकामागून एक गेली होती. हे जन्मले तेव्हा घरात कुणी हसायलाही तयार नव्हतं. मग त्यांच्या आजीनं एका सकाळी बाळ दुपट्यात गुंडाळलं आणि उकिरड्यावर नेऊन ठेवलं.

"म्हणजे नेणाऱ्याला वाटावं, हे टाकून दिलेलं हाय, ह्याला नेऊन काय करायचं," मामा म्हणाले. "मग शेजारची गोजरबाई आली. 'अगं बया, कुणाचं पडलंय हे,' म्हणून उचलून तिच्या घरी घेऊन गेली. मग माझी माय सूपभर ज्वारी घेऊन तिच्या दारात. ज्वारी दिली, पदर पसरला, मागून घेतलं. तवापासून मी कचरू."

"ज्वारी कामून?" मी विचारलं. माझं सासरी आल्यापासूनचं ते बहुधा सगळ्यात मोठं वाक्य होतं.

"नायतर मी गोजरबाईचाच की! फुकट परत आलेलं आपलं होत नाय. मी नुसता उठून घरी आलो असतो ना, तरी ऱ्हायलो असतो तिच्याच घरी."

"तान्हं बाळ उठून कसं येईल, मामा?"

"डबल बेल देऊन," ते म्हणाले, आणि आपल्याच विनोदावर चष्मा हलेपर्यंत हसले.

त्या घरात मला परकं वाटायचं थांबलं ते त्या सकाळी. विश्वजीत चांगलाच आहे, पण पाळीवरून आला की झोपतो. आत्याबाई बोलतात, पण ऐकत नाहीत. मामा मात्र प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत, एखाद्या म्हातारीनं कनवटीचे पैसे सोडेपर्यंत तिकिटासाठी थांबावं तसे थांबत. त्यांच्यापाशी बोलून बोलून मी बोलायला शिकले.

गणपती उठले त्या आठवड्यात डब्यांचं ते सुरू झालं. घंटागाडी येऊन गेली होती, मी दोन्ही डबे घासून उन्हात पालथे घातले होते. थोड्या वेळानं चहाचा चोथा टाकायला हिरवा डबा सरळ केला, झाकण उघडलं, तर आत मक्याच्या कणसांची सालं. आमच्याकडे मका नव्हता. शेजारच्या चतुराबाईंनी भिंतीवरून टाकली असतील असं वाटून मी रागानं भिंतीकडे बघितलं, आणि पुन्हा डब्यात बघितलं तर तो धुतलेला, कोरडा, रिकामा. नव्या नवरीला झोप कमी पडते, अशी मी स्वतःची समजूत काढली. दुसऱ्या दिवशी विश्वजीत पिशवीभर कणसं घेऊन आला. ती मी सोलली, आणि एका सालावर जो तांबडा, जिभेसारखा डाग होता, तो मी आधी पाहिलेला होता.

भ्यायला हवं होतं, असं आता वाटतं. पण कचऱ्याला कोण भितं? तो उद्याचा असला तरी कचराच. उलट मला मौज वाटू लागली. निळ्या डब्यात कागदी पेल्यांची चळत दिसली की मी साबुदाणा भिजत घालायची, आणि दुसऱ्या दिवशी वैजापूरचे पाहुणे न कळवता दारात उभे राहिले की आत्याबाईंच्या कपाळावर आठी पडायच्या आत खिचडी तयार असायची. नारळाची शेंडी दिसली की मी खोवणी काढून ठेवायची. "आमची सून मनकवडी हाय," आत्याबाई भिंतीपलीकडे सांगायच्या, आणि चतुराबाई, ज्यांची सून नाशिकला वेगळी राहते, म्हणायच्या, "नव्याचे नऊ दिवस, लीलाबाई." एकदा निळ्या डब्यात पेढ्यांचा रिकामा पुडा दिसला आणि दुसऱ्या दिवशी विश्वजीत कंपनीत कायम झाल्याचं सांगत धावत आला. मला खोटं चकित होता येत नाही. मी शांतपणे पेढा घेतला, आणि मला आनंदच झाला नाही असं वाटून तो बिचारा रात्रीच्या जेवणापर्यंत फुगून बसला.

मग एके सकाळी मी निळा डबा सरळ केला, आणि तळाशी मामांचा चष्मा होता.

काडीला काळा दोरा बांधलेला. त्याच्या खाली ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची अर्धी शिल्लक पट्टी, आणि केस फाकलेला त्यांचा दात घासायचा जांभळा ब्रश. ओट्यावरून मामांचा आवाज येत होता, तोच चष्मा लावून ते कुठल्याशा बातमीवर स्वतःशीच हसत होते. गोळ्या सुक्या कचऱ्यात टाकायच्या नसतात, त्या वेगळ्या द्यायच्या असतात, हे मला त्याही क्षणी आठवलं, खात्याची सवय. मग मी तिथंच डब्याशेजारी बसले. जुना ब्रश माणूस टाकतो. पण ज्याला अजून वाचायचं आहे त्याचा चष्मा कुणी टाकत नाही, आणि अर्धी पट्टी कुणी टाकत नाही.

डबा आजवर एकदाही चुकला नव्हता. कणसं आली होती, पाहुणे आले होते, पेढे आले होते. आत्याबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी मलाच दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या उतरवल्या असत्या, आणि डॉक्टरांना सांगण्यासारखं त्यात काय होतं? त्या आधल्याच आठवड्यात मामांना तपासून त्यांनी "छान आहे" म्हटलं होतं. माझ्या हाती एकच उपाय होता, आणि तो मामांनीच मला सांगितलेला होता. एकदा चालला होता, तर परत चालेल.

मी ओट्यावर गेले. "मामा," म्हटलं, "तुम्हाला परत एकदा टाकायचंय."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. नेहमीसारखे ते थांबले, पण पहिल्यांदाच त्यांनी काही विचारलं नाही. पेपरची नीट घडी घातली आणि म्हणाले, "टाक की. फुटबोर्डावर उभं ऱ्हायची सवय हाय मला."

आत्याबाईंना मी नवस आहे म्हणून सांगितलं. कसला, ते बोलून दाखवता येत नाही म्हटल्यावर आमच्याकडे पुढचा प्रश्न येत नाही. मामांनी आंघोळ करून इस्त्रीचा सदरा घातला. मी सुपात ज्वारी भरून ओट्यावर ठेवली. आमच्या घंटागाडीला आता घंटा नाही, भोंगा आहे, त्यातून स्वच्छतेचं गाणं वाजत येतं. ते गाणं कोपऱ्यावर ऐकू आलं तशी मी मामांच्या दंडाला धरून त्यांना फाटकाबाहेर नेलं.

पारूबाई गाडीच्या मागच्या फळीवर उभ्या होत्या. "ताई, डबे कुठंयत?"

"आज हे घ्या," मी म्हटलं. रीत नीट व्हायला हवी होती. "आमच्याकडून टाकलं. तुम्ही उचला."

पारूबाईंनी मामांकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मला वाटलं आता त्या चिडतील. पण त्यांनी कमरेवर हात ठेवला आणि नेहमीच्या करड्या आवाजात विचारलं, "ओला का सुका?"

"आता सुकाच, बाई," मामा म्हणाले. "ओला व्हतो तवा तुम्ही नव्हत्या."

शेजारच्या चतुराबाई इतक्या हसल्या की त्यांच्या हातातली पाण्याची बादली त्यांच्याच पायावर सांडली. "अहो लीलाबाई," त्या ओरडल्या, "बघा बघा, सुनेनं सासरा काढला भंगारात!" आत्याबाई पदर सावरत बाहेर आल्या, "अगं अमृता, काय करायलीस! आन तुम्हाला तरी काय लाजलज्जा? उतरा खाली!" पण मामा तोवर फळीवर चढले होते, एका हातानं दांडी धरून, दुसरा हात वर करून. "आत सरका, आत सरका! पुढं जागा हाय!" ते भाजीच्या सालांना आणि पुठ्ठ्यांना म्हणाले, आणि तोंडानं टण टण करून डबल बेल दिली. ड्रायव्हरनंही हसत गाडी सोडली. सारी गल्ली दारात आली होती. इतकी हसणारी माणसं मी आमच्या लग्नातही पाहिली नव्हती. मीही हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मी मनाशी धरलं होतं की गाडी कोपऱ्यापर्यंत जाईल, वळून येईल, आणि मी सूप देऊन, पदर पसरून मामांना मागून घेईन. पण आत्याबाई मला बोलत होत्या, मी खालमानेनं ऐकत होते, चतुराबाई मध्ये पडून माझी बाजू घेत होत्या, आणि त्या गडबडीत गाडी कोपऱ्यावरून परस्पर पुढच्या गल्लीत निघून गेली. मी धावत फाटकापर्यंत गेले तर समोरून मामा चालत येत होते, काखेत वाण्याकडून घेतलेली बिस्किटं, चेहरा लहान पोरासारखा. "मस्त हवा लागती मागं," ते म्हणाले. "चहा टाक."

मी आधी निळा डबा पाहिला. स्वच्छ होता. मी चहा टाकला, आलं जरा जास्तच घातलं, आणि मग केव्हातरी बाहेर आले तेव्हा सूप तसंच ओट्यावर होतं आणि चिमण्या त्यातली ज्वारी टिपत होत्या.

त्यानंतर दोन्ही डब्यांनी उद्याचं सांगणं सोडलं, आणि मला ते बरंच वाटलं. पाहुणे अचानक येऊ लागले, आत्याबाई मला मनकवडी म्हणेनाशा झाल्या, आणि चतुराबाईंचं नव्याचे नऊ दिवस खरं ठरलं. मामा मात्र ठणठणीत. डॉक्टरांनी यंत्राचा पट्टा दोनदा आवळून पाहिला, गोळी अर्धी केली, पुढं तीही बंद केली. सकाळी ते सिडकोच्या बाजारापर्यंत पायी जायचे आणि सीताफळांची पिशवी घेऊन यायचे. दाराशी बसून सगळ्यांना वाटायचे, स्वतः खायचे, पोरांना हाका मारायचे, हसायचे. घरात असं प्रसन्न वारं मी आल्यापासून कधी नव्हतं.

फक्त हिरवा डबा हलका झाला होता.

हे कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. ज्याचं खातं त्यालाच कळतं. आत्याबाईंच्या बिया असायच्या, विश्वजीतच्या असायच्या, माझ्या असायच्या. मामांच्या नसायच्या. मी मुद्दाम त्यांच्या समोर बसून पाहिलं. ते गर खात, बी तोंडातून काढून ताटलीच्या काठाला लावत, एकीशेजारी एक, गप्पा मारत मारत. मी ताटली उचलून मागच्या अंगणात नेईपर्यंत ती धुतल्यासारखी असायची. सालंही नाहीत. त्यांनी खरवडलेल्या दाढीचा एक केस बेसिनमध्ये नसायचा. पेपर वाचून झाला की तो कोरा करकरीत, घडीही न पडलेला. सगळं करून काहीच मागं न ठेवणारा माणूस मी प्रथमच पाहत होते, आणि एखाद्या टापटीप गृहिणीला त्याचं कौतुक वाटावं, तसं मी वाटून घ्यायचा प्रयत्न करत होते.

मग एके सकाळी पारूबाईंनी डबे घेता घेता विचारलं, "ताई, तुमच्या गल्लीत कोण सीताफळं खाऊन गाडीत बिया टाकायलंय?"

"सगळेच खातात," मी म्हटलं.

"तसं नाय वं. गाडी धुऊन निघती. पयलं घर यायच्या आधीच मागं फळीवर बिया. आन टाकलेल्या बी नाय, कडेनं वळीत लावलेल्या. डायवर म्हणतो, तूच खाती. म्या म्हणलं, मला शुगर हाय, बाबा." त्या हसल्या. मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "आन मागं उभं ऱ्हायचं म्हणलं तर जागा पुरंना. रिकामीच असती, पण पुरंना."

माझ्या पाठीमागे ओट्यावर मामा बसले होते. "पारूबाई, आज उशीर?" त्यांनी हसत विचारलं. पारूबाईंनी मान वर करून ओट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "म्हातारी माणसं बरी हायत ना घरी?" त्यांनी मलाच विचारलं, आणि उत्तराला थांबल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर मी कोठीतून सूपभर ज्वारी काढली. रीत मला पाठ होती. सूप द्यायचं, पदर पसरायचा, मागून घ्यायचं. कोपऱ्याकडून गाणं यायला लागलं. सूप कमरेवर घेऊन मागच्या अंगणातून जाताना माझा हात सवयीनं निळ्या डब्याच्या झाकणाकडे गेला.

चष्मा होता. काळ्या दोऱ्याचा. गोळ्यांची अर्धी पट्टी होती आणि जांभळा ब्रश होता, अगदी तसेच, इतके दिवस कुणीतरी सांभाळून ठेवल्यासारखे.

घरात मामा आत्याबाईंना कसलीशी बातमी वाचून दाखवत होते, आणि आत्याबाई, ज्या कधी कुणाचं ऐकत नाहीत, त्या ऐकून हसत होत्या. गाणं चतुराबाईंच्या दारापर्यंत आलं. आज त्यांना मागून घेतलं, तर उद्या हे खरंच डब्यात येणार होतं. मी परत फिरले आणि ज्वारी कोठीत ओतली. हळूच, आवाज होऊ न देता, सुपाच्या काठाला चिकटलेला दाणासुद्धा बोटानं आत ढकलला. मग बाहेर येऊन डबा पाहिला. धुतलेला, कोरडा, रिकामा.

टोपलीतली सीताफळं मी एकेक दाबून पाहिली. चांगलं डोळे उघडलेलं, मऊ, एक निवडलं, कालच्या पेपरात गुंडाळलं आणि दोन्ही डब्यांबरोबर फाटकाशी नेलं. पारूबाईंनी हिरवा डबा रिकामा केला, निळा केला, आणि पुडक्यासाठी हात पुढं केला.

"हे काय? ओला का सुका?"

"टाकायचं नाही," मी म्हटलं. "मागं फळीवर, कडेला ठेवा नुसतं. आणि पारूबाई, उद्या सकाळी बिया निघतील, त्या तेवढ्या ओल्यात टाकत जा."